अब्बांची रिळे आणि घरची लाकडी होडी: भंगारात देण्याआधी थोडे थांबा

रीळ म्हटले की आजच्या मुलांना मोबाईल आठवतो. पण कोकणातल्या बऱ्याच मुस्लिम घरांत अजून एक रीळ असते. खाटेखाली, पत्र्याच्या ट्रंकेत, जुन्या लुंगीच्या फडक्यात गुंडाळलेले. कधीकाळी कुवेतहून, बहारीनहून नाहीतर जहाजावरच्या नोकरीतून आलेले. आणि घरामागे माडाच्या झापांच्या खोपीत एखादी लाकडी होडी पालथी पडलेली असते.

आमच्याकडेही तसेच होते. दोन वर्षांपूर्वी मे महिन्याच्या सुट्टीत सगळे गावी जमलो, तेव्हा भंगारवाला दारात उभा राहिला. होडीतले तांब्याचे खिळे आणि तीन रिळांचे पितळ, एवढ्याचाच त्याने भाव केला. भाई म्हणाला, "देऊन टाकू, कोण वापरतो?" अब्बा काही बोलले नाहीत. त्यांनी एक रीळ हातात घेतले, अंगठा फिरकीवर ठेवला आणि हँडल फिरवून बघितले. ते अडकले होते. त्यांनी ते तसेच परत फडक्यात गुंडाळले.

त्या दिवशी आम्ही काही विकले नाही. पुढच्या दोन मोसमांत होडी पाण्यात घातली, रिळे उघडली, चुका केल्या, काही शिकलो. अशी ट्रंक आणि अशी खोपी अनेकांच्या घरी असेल, म्हणून ते इथे मांडत आहोत.

ही रिळे आपल्या घरात आली कशी

आपल्याकडे गरवायला जाणे नवीन नाही. रत्नागिरीचा राजिवडा, कर्ला, जयगड आणि दाभोळ खाडीच्या काठची गावे, इथल्या दालदी आणि इतर मुस्लिम घरांचे पोट पिढ्यान्‌पिढ्या पाण्यावर चालले. पण जुनी माणसे गरवायची ती हातातल्या दोरीने. लाकडाच्या तुकड्याला दोरी गुंडाळायची, टोकाला शिसे आणि गळ, बस्स. काठी आणि रीळ आले ते बाहेर कमावायला गेलेल्यांच्या सामानातून. जहाजावरचे खलाशी बंदरात खरेदी करायचे. १९७० नंतर आखाताची वाट मोठी झाली आणि सुट्टीला येणाऱ्यांच्या बॅगेत टेपरेकॉर्डरबरोबर कधीकधी रीळही असायचे.

आपल्या ट्रंकेतले रीळ कोणते ते आधी ओळखा. नाव बहुधा बाजूच्या तबकडीवर कोरलेले असते. आमच्या तिन्हींची ओळख सांगतो, कारण जगात सगळ्यात जास्त चाललेल्या जुन्या रिळांत ती मोडतात.

पहिले 'पेन'. ही अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाची कंपनी. जर्मनीहून तिथे गेलेल्या ओटो हेन्झ यांनी ती १९३२ मध्ये सुरू केली. तिचे 'सिनेटर' हे रीळ १९३६ चे. काळ्या बेकेलाइटच्या तबकड्या, आडवी जाड फिरकी आणि चांदणीच्या आकाराचा ब्रेक, यावरून लगेच ओळखू येते. हे खास खाऱ्या पाण्यातल्या मोठ्या मासळीसाठी आहे.

दुसरे 'मिचेल'. फ्रान्समधल्या क्लूझ गावचे. हे गाव घड्याळाच्या भागांसाठी प्रसिद्ध आणि रीळ बनवणारी कंपनीही त्याच धंद्यातली. ३०० नंबरचे मिचेल हलके, गोड्या पाण्याचे. खाऱ्या पाण्यासाठी मोठे ३०२ निघाले. आपल्याकडचा नंबर बघूनच ते कुठे वापरायचे ते ठरवा.

तिसरे 'अबू'. स्वीडनमधल्या स्वेंगस्टा गावचे. कंपनी १९२१ ची आणि तीही मूळची घड्याळाच्या कारखान्याची. टॅक्सीचे मीटर बनवायची. महायुद्धात मीटरची मागणी पडली, तेव्हा रिळांकडे वळली. तिचे लाल रंगाचे 'अँबॅसेडर ५०००' १९५० नंतरच्या काळात जगभर गेले. आतले भाग बारीक आणि देखणे. खाऱ्या पाण्यात चालते, पण घरी आल्याबरोबर धुतले नाही तर रुसते.

घड्याळवाल्यांनी रिळे बनवली हे समजल्यावर आमच्या पोरांचा हात आपोआप हलका पडला.

जुन्या रिळात मजा काय आहे

नवे रीळ हलके असते आणि वेगाने दोरी ओढते. हँडल एकदा फिरवले की फिरकी पाच-सहा वेळा फिरते. जुन्या सिनेटरमध्ये ती दोन-तीन वेळाच फिरते. म्हणजे काम हळू, पण जोर जास्त. सायकल चढावर नेताना आपण हलका गिअर टाकतो, तसेच. खडकातून हेकरू किंवा तांबोशी उचलायची असेल तर हा जोर उपयोगी पडतो.

दुसरे म्हणजे, सिनेटरला दोरी सारखी पसरवणारी यंत्रणा नाही. ते काम आपल्या अंगठ्याचे. दोरी एका बाजूला साठली तर ढीग होतो आणि गुंता पडतो. म्हणून गरवणारा सगळा वेळ जागा असतो. खटका लावून ठेवला की मासा लागताच रीळ कर्रर्र करून ओरडते. होडीत चार माणसे गप्पा मारत असोत, त्या आवाजाला सगळे एकदम गप्प होतात.

तिसरी गोष्ट आम्हाला सगळ्यात मोठी वाटते. ही रिळे उघडता येतात. एक पेचकस आणि एक पाना घेतला की आतले सगळे दिसते. कुठला दात कुठल्या दाताला लागतो, हे सातवीतल्या मुलालाही समजावता येते. वर्गात फळ्यावर गिअर काढून जे अर्ध्या मुलांना कळत नाही, ते अंगणात चटईवर दहा मिनिटांत कळते.

ब्रेक समजला की रीळ समजले

पहिल्या मोसमात आम्ही घाई केली. रीळ वरवर पुसले, तेल सोडले, हँडल फिरायला लागले म्हणून खूश झालो आणि खाडीच्या तोंडाशी गेलो. मासा मोठा लागला. ब्रेक सैल व्हायला हवा होता, तो जाम झाला. जाड दोरी फटकन तुटली. अब्बांना घरी येऊन सांगितले तेव्हा ते एवढेच म्हणाले, "आत बघितलं होतं का?"

रिळाच्या ब्रेकला गरवणारे ड्रॅग म्हणतात. आत वॉशरची चळत असते. एक धातूचा, एक चामड्याचा किंवा फायबरचा, असे आलटून पालटून. चांदणी आवळली की ते एकमेकांवर दाबले जातात. मासा जोरात पळाला की ते घसरतात आणि दोरी थोडी थोडी सुटते. मासा दमतो, दोरी वाचते. वर्षानुवर्षे आवळून ठेवलेले रीळ असेल तर जुने वॉशर एकमेकांना चिकटतात. आमचे तेच झाले होते.

ड्रॅग किती आवळायचा? दोरीच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश. दोरी १५ किलोची असेल तर चार-पाच किलोवर ती सुटली पाहिजे. मोजायला वेगळे काही लागत नाही. परदेशी जाताना बॅग तोलायचा काटा आपल्याकडे घरोघरी असतो. दोरी काट्याच्या आकड्याला बांधा, काठी धरा, कुणालातरी काटा ओढायला सांगा आणि आकडा बघा.

रीळ उघडण्याची रीत

१. आधी फोटो काढा. प्रत्येक भाग काढताना मोबाईलवर एक फोटो.

२. खाली पांढरी चादर पसरा आणि अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे घ्या. एकेक भाग क्रमाने एकेका खड्ड्यात ठेवा. हँडल उलटे फिरू नये म्हणून आत छोटा खटका असतो, त्याची स्प्रिंग बारीक असते. आमची उडून गेली आणि दोन दिवसांनी अंगण झाडताना सापडली.

३. स्क्रू निघत नसेल तर जोर करू नका. तेलाचा थेंब टाकून रात्रभर थांबा. पेचकसाचे टोक स्क्रूच्या खाचेत घट्ट बसणारेच हवे, नाहीतर खाच मोडते.

४. जुने कडक ग्रीस रॉकेलमध्ये ब्रश बुडवून काढा. पितळेवरचा हिरवा कीट पांढरे व्हिनेगर आणि पाणी समसमान घेऊन त्यात थोडा वेळ ठेवला की सुटतो. मग गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा. बेकेलाइट गरम पाण्यात घालू नका.

५. दातांना मरीन ग्रीसचा पातळ थर द्या. बोटीच्या इंजिनचे सामान विकणाऱ्याकडे ते मिळते. फिरकीच्या टोकांना शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब. खोबरेल नको, काही महिन्यांत त्याचा चिकटा होतो.

६. ड्रॅगचे वॉशर झिजले असतील तर बदला. पेनसाठी कार्बन फायबरचे वॉशर अजून मिळतात. एवढ्या एका बदलाने जुने रीळ नव्यासारखे चालते.

७. परत जोडताना स्क्रू बेताने आवळा. जास्त आवळले तर बेकेलाइटला तडा जातो आणि तो भरून निघत नाही.

दोरीबद्दलही एक सांगायचे आहे. अगदी जुन्या रिळांची फिरकी प्लॅस्टिकची असते. नायलॉनची दोरी ताणून गुंडाळली की ती आतल्या आत आवळत जाते आणि अशी फिरकी फुटू शकते. मोठ्या मासळीला धातूचीच फिरकी वापरा. हल्लीची विणलेली बारीक दोरी लावायची असेल तर खाली थोडी नायलॉनची दोरी गुंडाळा, नाहीतर सगळी दोरी फिरकीवर गोल घसरत राहते.

समुद्रावरून आल्यावर ड्रॅग आवळा आणि रिळावर गोडे पाणी हळूच ओता. नळीचा जोरदार फवारा मारला तर मीठ आत ढकलले जाते. पुसून सावलीत वाळवा आणि मग ड्रॅग सैल सोडा. हे शेवटचे विसरू नका.

आता होडी

रीळ सांभाळणे स्वस्त आहे, होडी सांभाळणे नाही. हे आधीच सांगितलेले बरे.

लाकडी होडीचे काही दुश्मन असतात. पहिले पावसाचे पाणी. लोकांना वाटते खारे पाणी लाकूड खाते. खरे तर गोडे पाणी साचले की लाकूड कुजते. मीठ बुरशीला अडवते. म्हणून होडी पालथी, जमिनीपासून उचललेली आणि वारा खेळेल अशी ठेवायची. प्लॅस्टिक घट्ट गुंडाळले तर आत वाफ धरते, ते नको.

दुसरा दुश्मन लाकूड पोखरणारा समुद्री किडा. बाहेरून भोक सुईएवढे, आत पूर्ण फळी पोकळ. पाण्याबाहेर काढून चांगली वाळवली की तो मरतो. म्हणून होडी महिनोन्‌महिने पाण्यात सोडायची नाही. जुने लोक तळाला काजूच्या टरफलाचे तेल किंवा मुशीच्या काळजाचे तेल लावत ते याच कारणासाठी. काजूच्या टरफलाचे तेल अंगावर उडाले तर फोड येतात. हातमोजे घाला आणि मुलांना दूर ठेवा.

तिसरा लोखंडी खिळा. गंजला की तो आजूबाजूचे लाकूडही खातो. फळीवर काळे-तांबडे ओघळ दिसले तर समजा की तिथला खिळा गेला. तांब्याचे खिळे असतील तर नशीब समजा. भंगारवाल्याला तेच हवे असतात.

तपासणी कशी करायची? टोकदार दाभण घ्या आणि दर वीतभर अंतरावर टोचा. लाकूड घट्ट असेल तर दाभण अडते. भाकरीत घुसल्यासारखे आत गेले तर फळी बदलावी लागेल. तळाचा कणा आणि नाळ, या दोन ठिकाणी लाकूड नरम लागले तर मात्र मन घट्ट करा. ती होडी अंगणात शोभेल, पाण्यात नाही.

आमच्या होडीचा कणा चांगला निघाला. दोन फळ्या बदलल्या आणि फटींत कापूस ठोकून वर राळ आणि तेल भरले. गावात हे काम जाणणारे एकच सुतारचाचा उरले आहेत. त्यांनी सत्तरी ओलांडली आहे आणि त्यांच्या मुलांनी हे काम घेतलेले नाही. आमच्याकडे ते चार दिवस आले. हातोडीच्या आवाजावरून कापूस पुरेसा बसला की नाही हे त्यांना कळते. आम्हाला चारही दिवस सगळा आवाज सारखाच वाटला. शेवटी त्यांनी आमच्या मुलाचा हात धरून ठोकायला लावले, तेव्हा थोडा फरक समजला.

वाळलेली होडी पहिल्यांदा पाण्यात घातली की गळते. घाबरू नका. उथळ पाण्यात बांधून दोन दिवस ठेवा आणि पाणी उपसत राहा. लाकूड फुगते आणि फटी आपोआप मिटतात. त्यानंतरही पाणी येत असेल तर दोष शोधायचा.

फायबरची होडी घेणाऱ्यांना आम्ही नावे ठेवत नाही. ज्यांचे पोट समुद्रावर आहे त्यांना दरवर्षी सुतार, तेल आणि कापूस परवडत नाही. फायबर हलके असते आणि त्याला किडा लागत नाही. महिन्यातून दोन-तीनदा शौकाने जाणाऱ्याला मात्र लाकूड पुरते. ते लाटेवर कमी आपटते आणि शांत चालते.

चांद बघून निघायचे

जुनी होडी घेऊन निघायचे तर पाण्याशी भांडून चालत नाही. भरती-ओहोटी चांदावर चालते आणि आपली हिजरी तारीखही. चांद नवा किंवा पूर्ण असताना उधाण असते, पाणी जोरात ओढते. हिजरी ७ ते ९ आणि २१ ते २३ च्या सुमारास भांग असतो. ओढ कमी असते आणि शिसे तळाला टिकते. लाकडी होडीला आणि नवशिक्याला हेच दिवस सोपे.

वेळेचा जुना हिशोब असा: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. आपली हिजरी तारीख तिथीच्या साधारण एक दिवस मागे असते, म्हणून त्यात एक मिळवा. हिजरी ७ असेल तर आठ, त्याची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या आसपास भरती. १५ नंतर तारखेतून १५ वजा करून तोच हिशोब. खाडीखाडीत थोडा फरक पडतो, म्हणून पक्की वेळ भरतीच्या तक्त्यात बघायचीच.

आणखी काही गोष्टींत तडजोड नको. प्रत्येकाच्या अंगात लाईफ जॅकेट, पोहता येत असले तरी. पाणी उपसायला डबा, दोन वल्ही, नांगर आणि पिशवीत बंद केलेला मोबाईल. कुठे जातो आणि कधी परततो, ते घरी सांगून निघायचे. खाडीच्या तोंडाशी वाळूच्या पट्टीवर ओहोटीचे पाणी आणि समोरची लाट भिडते, तिथे होडी उलटते. ती वेळ टाळायची. इंजिन लावलेल्या होड्यांना १ जून ते ३१ जुलै बंदी असते. आमची वल्ह्याची असली तरी त्या दिवसांत आम्ही ती खोपीतच ठेवतो. होडीची नोंदणी आणि कागदपत्रे मत्स्यव्यवसाय खात्याकडे विचारून पूर्ण करून घ्या.

शौक आणि इस्राफ

समुद्राची शिकार आपल्यासाठी हलाल आहे, हे सूरह माइदामध्ये आले आहे. आपल्यात शाफई आणि हनफी दोन्ही घरे आहेत. कोळंबी-खेकड्यांबाबत प्रश्न असेल तर आपापल्या आलिमांना विचारावे. मासळीबाबत कुणाचे दुमत नाही. पण हलाल असले तरी जिवाला उगाच त्रास देणे आणि वाया घालवणे दीनमध्ये पसंत नाही. म्हणून आम्ही घरात काही नियम ठरवले. लहान मासा लगेच परत पाण्यात. घरी आणि शेजारी लागेल तेवढेच मिळाले की दोरी गुंडाळायची. नुसते फोटोसाठी मासा तडफडत ठेवायचा नाही. जुम्याला होडी काढायची नाही. फजर पढून निघायचे आणि जोहरला घरी.

गेल्या डिसेंबरात भांगाच्या दिवशी अब्बांना होडीत घेतले. खाडीबाहेर गेलो नाही. त्यांचा हात आता थरथरतो, काठी धरवत नाही. काठी नातवाने धरली आणि अब्बांनी फक्त अंगठा फिरकीवर ठेवला. पालू लागला, फार मोठा नव्हता. रीळ ओरडले तेव्हा अब्बा नातवाला म्हणाले, "ओढू नको, जाऊ दे त्याला थोडं." ड्रॅगबद्दल आम्ही वर एवढे लिहिले, ते त्यांनी तेवढ्यात सांगून टाकले.

भाईला कुवेतला फोटो पाठवला. तो आता विचारतो आहे की तिसरे रीळ, ते लाल अबू, उघडले का? ते त्याच्यासाठी ठेवले आहे. मे महिन्यात येईल तेव्हा चटई टाकून बसू.

तुमच्या ट्रंकेतही असे काही असेल तर भंगारात देण्याआधी एकदा उघडून बघा. आणि ज्यांनी ते वापरले ते बुजुर्ग घरात असतील तर त्यांना शेजारी बसवूनच उघडा. वॉशर पुढच्या वर्षीही मिळतील. ते कसे बसवायचे हे सांगणारे माणूस मात्र आज समोर आहे, तोवर विचारून घ्या.